पाऊचसकट कागदं गायब

ह्या वेळी सदरात एकाच विषयावरचे प्रश्न आलेत, म्हणजे कुणी ठरवून पाठवल्यासारखे, सगळ्यांचं काही ना काही हरवलंय. अमेरिकेत स्वतःचं छोटं विमान असलेली मराठी मंडळी तशी मोजकीच, पण कागद हरवण्यात आपण कुणाला ऐकणार नाही असं दिसतंय. चला, घेऊ एकेक.

प्रश्न : काका नमस्कार. आम्ही तिघा मित्रांनी मिळून डॅलसच्या बाजूला एक जुनं सेस्ना १७२ घेतलंय, १९७४ चं, एम मॉडेल. मागच्या महिन्यात सीट आणि कार्पेट नवीन करून घेतलं. विमान परत आलं, आम्ही खूश, एक चक्कर पण मारली, आणि मग लक्षात आलं की दाराजवळचा तो प्लास्टिकचा पाऊचच नाहीये. त्यात रजिस्ट्रेशन, एअरवर्दीनेस सर्टिफिकेट म्हणजे विमान उडण्यालायक असल्याचा दाखला, वेट अँड बॅलन्सचा म्हणजे विमानाच्या वजनाचा आणि तोलाचा कागद, सगळं होतं. काम करणारा म्हणतो मी पाहिलंच नाही. एक पार्टनर म्हणतो फोनमध्ये फोटो आहे, चालतंय. दुसरा म्हणतो आधी पोलिसात तक्रार करा. शनिवारी सकाळी नाश्त्याला उडायचा प्लॅन आहे. काय करू?

उत्तर : शनिवारी नाश्ता गाडीने जाऊन करा. हे आधी सांगतो, बाकी सावकाश वाचा.

फोनमधला फोटो चालत नाही. एफएए म्हणजे इथलं विमान वाहतुकीचं सरकारी खातं, त्यांच्या नियमात, भाग ९१ मधलं कलम २०३, स्पष्ट लिहिलंय की विमानात रजिस्ट्रेशन आणि एअरवर्दीनेस सर्टिफिकेट दोन्ही हवीत, आणि एअरवर्दीनेस तर केबिनच्या किंवा कॉकपिटच्या दाराशी असं लावलेलं हवं की आत येणाऱ्याला वाचता येईल. बरेच जण पाऊचमध्ये पुढे रजिस्ट्रेशन घालतात आणि त्याच्या मागे एअरवर्दीनेस दडपतात, तेही खरं तर चूक, दिसायला पाहिजे ते मागे लपलेलं असतं. पण फोटोचं सोडू नका, नंबरं त्यातूनच मिळणार आहेत.

पोलिसांचं म्हणाल तर ही आपली भारतातली सवय. आरसी हरवली की आधी चौकीत तक्रार, मग आरटीओत फॉर्म २६, मग चार चकरा. इथे तसं नाहीये, चोरी झाली असं वाटत असेल तर करा तक्रार, पण कागद परत मिळायला तिचा उपयोग नाही. तुम्हाला दोन वेगळ्या दारांत जायचंय आणि ह्या दोन्हीत लोक कायम गोंधळ करतात.

पहिलं दार ओक्लाहोमा सिटीचं, तिथे एफएएची रजिस्ट्री आहे. रजिस्ट्रेशन तिकडूनच परत मिळतं. एक अर्ज लिहायचा, त्यात एन-नंबर म्हणजे विमानाचा रजिस्ट्रेशन नंबर, मेक, मॉडेल, सिरीयल नंबर आणि सर्टिफिकेट हरवलंय एवढं, मालकाची सही, आणि फी किती तर दोन डॉलर. दोन डॉलरमध्ये न्यू जर्सीच्या ओक ट्री रोडला वडापाव पण येत नाही आजकाल. आणि टपालाने नवीन येईपर्यंत थांबायचं नसेल तर फी भरून तात्पुरतं सर्टिफिकेट मागता येतं, त्याला फ्लाय वायर म्हणतात, ते प्रिंट काढून विमानात ठेवायचं, नवीन आलं की काढून टाकायचं. विमान एलएलसीच्या म्हणजे छोट्या कंपनीच्या नावावर असेल तर सही करणाऱ्याने आपला हुद्दा लिहायला विसरू नका, ह्या एवढ्याशा कारणावरून कागद परत येतात.

आणि हो, पत्ता. तिघांपैकी कुणाच्या घरचा पत्ता दिलाय आणि तो अजून तिथेच राहतो का ते बघा. पत्ता बदलला की ३० दिवसांत रजिस्ट्रीला कळवायचं असतं, कुणी कळवत नाही, आणि मग नवीन सर्टिफिकेट जुन्या अपार्टमेंटच्या पेटीत जाऊन पडतं. हातासरशी एक्सपायरी पण बघून घ्या. आधी रजिस्ट्रेशन तीन वर्षांचं असायचं, जानेवारी २०२३ पासून सात वर्षांचं झालं आणि जी तेव्हा चालू होती त्यांची मुदत आपोआप वाढली, त्यामुळे तुमच्या फोटोत दिसणारी तारीख आणि खरी तारीख वेगळी असू शकते. एन-नंबर टाकून रजिस्ट्रीच्या साइटवर दिसते ती खरी.

दुसरं दार एफएएच्या स्थानिक ऑफिसचं, ज्याला सगळे पायलट फिझडो म्हणतात. एअरवर्दीनेस सर्टिफिकेट ओक्लाहोमाहून येत नाही, ते इकडून घ्यायचं, आणि इथे चेक लावून पाकीट पाठवलं की झालं असं नसतं, कुणा इन्स्पेक्टरशी बोलावं लागतं. मालकाने सही करून द्यायचं की कुठलं विमान, काय हरवलं, कसं हरवलं. सोबत ८१३०-६ हा फॉर्म, हल्ली तो ऑनलाइनच भरायला सांगतात. इन्स्पेक्टर ओक्लाहोमातल्या तुमच्या विमानाच्या फाइलमधून खात्री करतो की ह्या सिरीयल नंबरला खरंच सर्टिफिकेट दिलेलं होतं, कधीकधी लॉगबुकं म्हणजे विमानाच्या देखभाल-दुरुस्तीच्या वह्या बघायला मागतो, विमान पण बघायला येऊ शकतो. फिझडो ह्याची फी घेत नाही. वेळ मात्र घेतं, आणि किती तो त्या ऑफिसच्या कामावर आहे, म्हणून सोमवारी सकाळी पहिला फोन तिकडे, रजिस्ट्रेशनचा अर्ज दुपारी केला तरी चालेल. लोक बरोब्बर उलटं करतात, सोपं ते आधी करून टाकतात आणि मग बसतात वाट बघत.

एक गंमत सांगतो, हे एअरवर्दीनेस सर्टिफिकेट तुमचं नाहीच, ते विमानाचं आहे. मालक बदलले की रजिस्ट्रेशन बदलतं, हे मात्र विमानाबरोबर जातं, आणि त्याला एक्सपायरी नसते, मेंटेनन्स नियमाप्रमाणे चालू आहे तोवर ते चालू. म्हणजे तुमच्या पाऊचमधला तो कागद १९७४ पासूनचा असू शकतो, सात-आठ मालक बघितलेला, आणि तो कार्पेटच्या जुन्या तुकड्यांबरोबर कचऱ्यात गेला असेल. त्या दुकानाच्या डस्टबिनमध्ये खरंच बघून या, मी चेष्टा करत नाहीये.

वेट अँड बॅलन्सचं तर आता तुम्हाला नवीनच करायला लागणार होतं. सीट आणि कार्पेट बदललं म्हणजे रिकाम्या विमानाचं वजन बदललं, थोडं का होईना. तुमच्या ए अँड पी म्हणजे एफएएचं सर्टिफिकेट असलेल्या मेकॅनिकला सांगा, मागचा आकडा लॉगबुकात किंवा मोठ्या दुरुस्त्यांच्या जुन्या ३३७ फॉर्मवर सापडला तर तो हिशेबाने काढून देईल, नाहीतर काट्यावर ठेवून मोजायचं. मी तर म्हणतो मोजाच. पन्नास वर्षं नुसत्या बेरजा-वजाबाक्या झालेल्या विमानाचा कागदावरचा आकडा आणि काट्यावरचा आकडा ह्यात फरक निघतोच निघतो, आणि २३०० पौंड कमाल वजनाच्या विमानात तिघं मित्र बसणार असाल, तेही नाश्ता करून, तर तो माहीत असलेला बरा. नवीन कापडाचे आगीच्या टेस्टचे कागद आणि मेकॅनिकची लॉगबुकातली नोंद झालीय का तेही विचारा, ती नसेल तर ते पाऊचपेक्षा मोठं दुखणं आहे.

मॅन्युअलचं तुम्ही काही लिहिलं नाहीत म्हणजे ते आहे असं धरतो. नसेल तर, १ मार्च १९७९ नंतर पहिल्यांदा उडालेल्या विमानांना एफएएने मंजूर केलेलं फ्लाइट मॅन्युअल विमानात लागतंच, आणि तेही त्या सिरीयल नंबरचं, ऑनलाइन मिळणारं इन्फर्मेशन मॅन्युअल त्याच्या जागी चालत नाही, ते अभ्यासाला ठीक. तुमचं त्याआधीचं आहे, तुमच्यासाठी पॅनलवरचे प्लॅकार्ड म्हणजे सूचनांच्या पट्ट्या आणि मीटरवरच्या रंगीत खुणा महत्त्वाच्या, सोबत टाइप सर्टिफिकेट डेटा शीट, म्हणजे त्या मॉडेलच्या मंजुरीचा आणि मर्यादांचा एफएएचा कागद, बघा, १७२ चा नंबर ३ए१२.

राहिली ती न कळता मारलेली चक्कर. झालं ते झालं, पण दहा दिवस झाले नसतील तर आज रात्रीच नासाचा एएसआरएस रिपोर्ट, म्हणजे आपली चूक आपणच कळवायचा फॉर्म, भरा. चूक मुद्दाम केलेली नसेल तर पुढे प्रकरण निघालंच तरी शिक्षा माफ होऊ शकते. आता हे वाचल्यावर पुन्हा उडालात तर ती चूक मुद्दाम केलेलीच होईल, आणि मी साक्षीदार.

प्रश्न : आमच्या न्यू जर्सीच्या घरात बेसमेंटमध्ये पाणी शिरलं आणि विमानाची तिन्ही लॉगबुकं, एअरफ्रेम, इंजिन, प्रोपेलर, भिजून लगदा व्हायच्या बेतात आहेत. विमान हँगरमध्ये सुरक्षित आहे. लॉगबुकं विमानात ठेवली असती तर वाचली असती का?

उत्तर : वाचली असती, पण विमानात ठेवायची नसतातच. लॉगबुकं बरोबर बाळगायला लागत नाहीत, आणि विमान चोरीला गेलं किंवा जळलं तर दोन्ही एकदम जातात. बेसमेंट पण नको एवढंच.

आत्ता, हे वाचणं थांबवून, ती वेगवेगळ्या पिशव्यांत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. खरंच. ओले कागद गोठवले की बुरशी धरत नाही आणि शाई आणखी फुटत नाही, मग सवडीने एकेक काढून वाळवता येतात. पानं जबरदस्तीने उघडू नका, हेअर ड्रायर तर अजिबात नको. जे पान वाचता येतंय त्याचा लगेच फोटो.

आता जे गेलं ते गेलं असं धरून. पाऊच हरवणं ही कटकट आहे, लॉगबुक हरवणं हे नुकसान आहे, विमानाची किंमत त्याने चांगलीच उतरते. एफएएचं ४३-९सी नावाचं सर्क्युलर आहे, त्यात हरवलेल्या रेकॉर्डचं काय करायचं ते दिलंय. आधी विमानाचे एकूण तास सिद्ध करायचे, आणि त्यासाठी डिटेक्टिव्ह व्हायचं. ज्याने अॅन्युअल म्हणजे वर्षाची तपासणी केली त्या शॉपकडे त्याच्या कॉप्या आणि बिलं असतात, इंजिन ओव्हरहॉल करणाऱ्याकडे वर्क ऑर्डर असते, इन्शुरन्सच्या फॉर्मवर दर वर्षी तुम्हीच तास लिहिलेले असतात, तुमच्या आणि आधीच्या मालकाच्या पायलट लॉगबुकात उड्डाणं असतात, विमान विकत घेतलंत तेव्हाची जाहिरात इमेलमध्ये पडलेली असेल तर तीसुद्धा. आणि ओक्लाहोमाहून विमानाची पूर्ण फाइल मागवा, किरकोळ फी असते, त्यात आजपर्यंत नोंदलेले सगळे ३३७ फॉर्म, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या आणि बदल, सापडतात. मी माझ्या विमानाची मागवली होती तेव्हा मला पंख दुरुस्त झाल्याचं कळलं, आधीच्या मालकाने चकार शब्द काढला नव्हता.

एवढं करून जी बेरीज येईल ती, काय घडलं त्याच्या वर्णनासकट, नोटराइज केलेल्या निवेदनात लिहायची आणि नवीन लॉगबुकाची सुरुवात त्याने करायची. तास अंदाजाने असतील तर अंदाज असं लिहा, गोल आकडा ठोकून देऊ नका, पुढचा खरेदीदार पहिला त्यावरच बोट ठेवतो.

खरा खर्च मात्र एडींचा, एअरवर्दीनेस डायरेक्टिव्हचा, म्हणजे एफएएने सक्तीच्या केलेल्या तपासण्या-दुरुस्त्यांचा. जी पूर्ण केल्याचा पुरावा नाही ती केलेलीच नाही असं धरून मेकॅनिकला परत तपासावी लागते. काही सोपी असतात, सेस्नाच्या सीट रेलची जी आहे, २०११-१०-०९, ती नाहीतरी १०० तासांनी किंवा १२ महिन्यांनी परत परत करायचीच असते, ती ह्या वेळी केली की झालं. पण इंजिन उघडून एखादा पार्ट बदललाय का बघायची वेळ आली तर पाकीट मोकळं होतं. म्हणून आधी इंजिन शॉपच्या मागे लागा, एअरफ्रेमचं नंतर. शेवटच्या अॅन्युअलची नोंद कुठेच नाही सापडली तर नवीन अॅन्युअल झाल्याशिवाय उडायचं नाही. इन्शुरन्सला फोन करून पॉलिसीत रेकॉर्डचं नुकसान धरतात का तेही विचारा, घराचं आणि विमानाचं दोन्ही.

प्रश्न : मी एच-१बी वर आहे. मित्राच्या विमानात भागीदार झालो तर नवीन रजिस्ट्रेशनवर माझं पण नाव घालता येईल ना?

उत्तर : नाही. नाव घालायला सिटिझन किंवा ग्रीन कार्ड लागतं, आणि सहमालकांपैकी एक जरी त्यात बसत नसेल तर अख्खं रजिस्ट्रेशनच अडचणीत येतं. एलएलसी काढून आत शिरू असं कुणी सुचवेल, तिथेही नागरिकत्वाच्या अटी आहेत, वकिलाला विचारल्याशिवाय नको. तोवर भाड्याने उडवा, लायसन्सला व्हिसा आडवा येत नाही.

प्रश्न : बफेलोहून टोरांटोला बहिणीकडे स्वतःच्या विमानाने जायचंय. रेडिओ लायसन्स सापडत नाहीये, कुणी म्हणतं लागतच नाही.

उत्तर : अमेरिकेत फिरताना लागत नाही, १९९६ पासून. बॉर्डर ओलांडलीत की लागतं, आणि एक नाही दोन. विमानाचं स्टेशन लायसन्स दहा वर्षांचं, तुमचं स्वतःचं ऑपरेटर परमिट जन्मभराचं, परीक्षा-बिरीक्षा काही नाही. दोन्ही एफसीसीच्या, म्हणजे रेडिओ-टीव्हीचं बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, साइटवर फॉर्म ६०५ ने. एफएएला फोन करू नका, त्यांचं हे खातंच नाही. जुनं दिलेलं असेल तर तिथे नाव टाकून शोधा, बहुतेक सापडेल. शिवाय कस्टम्सचं डिकल म्हणजे स्टिकर, ईएपिस म्हणजे विमानात कोण आहे ते आधी ऑनलाइन कळवणं, आणि इन्शुरन्सचा कागद. बहिणीला म्हणावं पहिल्या खेपेला गाडी बरी.

प्रश्न : आमच्या ह्यांचं पायलट लायसन्स आणि मेडिकल सर्टिफिकेट पँटच्या खिशात होतं आणि वॉशिंग मशीनमधून निघालं. ते म्हणतात चूक माझी. दोन्ही परत काढायला काय करावं?

उत्तर : ताई, लायसन्स प्लास्टिकचं असतं, ते धुऊन स्वच्छ झालं असेल, वाचता येत असेल तर राहू द्या. नसेलच येत तर एफएएच्या साइटवर दोन डॉलर भरून नवीन मागवायचं, आणि मधल्या काळात उडायला ६० दिवसांचं तात्पुरतं पत्र मिळतं. मेडिकल कागदी, त्याचा गोळा झाला असणार, ते परत द्यायचं काम वेगळ्या विभागाचं, तोही ओक्लाहोमा सिटीतच, आणि त्याचेही दोनच डॉलर. डॉक्टरकडे परत जायची गरज नाही. पँट मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे कुणी बघायचे ह्यावर एफएएचा नियम नाहीये, पण माझ्या घरी तो आहे आणि तो माझ्या बाजूने नाही.