एमआरच्या लशीला मीही 'नको' लिहून दिलं होतं

ताई, तुमचं बाळ नऊ महिन्यांचं, एमआरचा, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लशीचा डोस तोंडावर आलाय, आणि सासूबाईंच्या मोबाईलवर 'लशीत पाडलेल्या गर्भाचे तुकडे असतात, त्यानं कॅन्सर होतो' असा मेसेज फिरतोय. तुम्ही खानापूरच्या, मी बेळगावची. 2017 च्या फेब्रुवारीत शाळाशाळांतून ही लस दिली तेव्हा मीही असाच मेसेज वाचून घाबरले होते.

मी डॉक्टर नाही. मला कळलं ते असं: रुबेलाचा विषाणू माणसाच्या पेशींत वाढवतात. एमआरसी-5 या पेशी 1966 साली लंडनमध्ये एका गर्भाच्या फुफ्फुसातून घेतल्या. तो गर्भपात लशीसाठी केलेला नव्हता. विरजण राखून ठेवावं तसा तो साठा गोठवून ठेवलाय, त्यातलंच थोडंथोडं काढून वाढवतात. नवा गर्भ लागत नाही. लस गाळून शुद्ध करतात, उरलाच तर डीएनएचा बारीक चुरा. कॅन्सरचं म्हणाल, तर या पेशी साधारण पन्नास वेळा दुप्पट झाल्या की आपोआप थांबतात, कॅन्सरच्या पेशींसारख्या वाढत राहत नाहीत. उलट माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवलेल्या पोलिओच्या लशीत 1960 ला एसव्ही-40 हा माकडांचा विषाणू सापडला होता. (आपल्या टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत तर देवीची लस वासरांच्या अंगावर करायचे. आमच्या आजीनं मुकाट्यानं टोचून घेतली.)

माझी चूक वेगळीच. शाळेतून आलेला फॉर्म कन्नडमध्ये. 'लशीत काय आहे ते लिहून द्या' म्हणून मी एका ऑफिसात चार खेपा घातल्या. 'नाळे बर्री', म्हणजे उद्या या. चौथ्यांदा तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "भ्या वाटत असंल तर सही करू नका की ओ, आम्हाला काय!" त्याला मला कटवायचं होतं, मी समजले, काहीतरी काळंबेरं आहे. दिलं 'नको' लिहून. बालरोगतज्ज्ञाला दोन मिनिटं विचारलं असतं तर भागलं असतं!

पुढच्या उन्हाळ्यात लेकीच्या अंगावर फिकट गुलाबी पुरळ, कानामागं गाठी. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात गरोदर कोण आहे?" जाऊबाईंना तिसरा महिना, आणि लेक रोज त्यांच्याच ताटात जेवायची. पहिल्या तीन महिन्यांत रुबेला झाला तर बाळाचं हृदय, डोळे, कान, काहीही जाऊ शकतं. त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत आमच्या स्वयंपाकघरात फक्त भांडी वाजत होती. त्यांना आधीपासून प्रतिकारशक्ती होती, म्हणून निभावलं. पण तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

तेव्हा माझ्या मते डोस चुकवू नका. बाळाला मोठी अ‍ॅलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा काही आजार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईला ही लस देत नाहीत, हे घरातल्यांनाही सांगून ठेवा. दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो. आणि तायी कार्डाचा, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या आई-बाळाच्या सरकारी कार्डाचा, फोटो काढून ठेवा. माझं माहेर चंदगडचं, महाराष्ट्रातलं; तिकडं कार्ड विसरलं की इकडची नर्स आधीचा डोस धरेलच असं नाही.