भूमितीची प्रमेयं पाठ होतात, पण कळत नाहीत. मुलांना कशी शिकवावीत?

तुमचा प्रश्न असा आहे: नववीला पहिल्यांदाच भूमिती शिकवतोय, मुलं प्रमेयं घडाघडा म्हणतात, पण आकृती जरा फिरवली की अडतात. तर कोणती पद्धत वापरावी?

मी २२ वर्षं गणित शिकवते आहे. पहिली सात-आठ वर्षं मीही प्रमेयं पाठच करून घेतली, हे आधीच कबूल करते.

‘आकृती फिरवली की’ असं तुम्ही म्हणालात, दुखणं तिथंच आहे. उद्या फळ्यावर एक चौरस काढा, पण कोपऱ्यावर उभा केलेला. हे काय, असं विचारा. निम्मा वर्ग ‘शंकरपाळी’ म्हणेल. अभ्यासू मुलं ‘समभुज चौकोन’ म्हणतील, आणि ते बरोबरच आहे, पण चौरस म्हणायला कचरतील. मग विचारा, प्रत्येक चौरस हा आयत असतो का? ‘नाही बाई, आयत लांबट असतो!’ या मुलांना आकार चेहऱ्यावरून ओळखता येतो. एका गुणधर्मातून दुसरा कसा निघतो, इथवर ती पोचलेलीच नसतात.

नेदरलँड्समधल्या पिअर व्हान हिले आणि दिना व्हान हिले-गेल्डॉफ या शिक्षक जोडप्याने १९५७ मध्ये उट्रेख्ट विद्यापीठात यावरच आपापले प्रबंध सादर केले. आकार ओळखणं, त्याचे गुणधर्म सांगणं, त्या गुणधर्मांची सांगड घालणं, मग सिद्धता, अशा पायऱ्या त्यांनी मांडल्या (पाचवी पायरी शाळेच्या कामाची नाही). वय वाढलं म्हणून पायरी आपोआप चढली जात नाही, हे त्यातलं मला सगळ्यात पटलेलं. नववीचं पुस्तक चौथ्या पायरीवरून बोलतं. ज्या मुलाची तिसरी राहिली आहे त्याने पाठांतर करायचं नाही तर काय करायचं?

म्हणून मी सिद्धतेआधी शंका पेरते. त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश हे मुलांना खालच्या वर्गांपासून माहीत असतं, त्यामुळे यात सिद्ध काय करायचं हेच त्यांना कळत नाही. मी प्रत्येकाला पानभर मोठा त्रिकोण काढून कोन मोजायला लावते आणि बेरजा फळ्यावर लिहिते: १७८, १८१, १८०, १७९, १८३. (एक-दोघं आकडे जुळवून १८० आणतातच, तिकडे काणाडोळा करायचा.) मग विचारते, मोजून तर असं येतंय, पुस्तकाला १८० कोणी सांगितलं? वर्गात चुळबुळ सुरू झाली की शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढते. व्युत्क्रम कोनांच्या दोन जोड्या दिसतात, तिन्ही कोन एका रेषेवर येऊन बसतात, आणि कोनमापक पेटीत जातो.

कागद कापून, घडी घालून पटवणं चांगलंच, पण डोळेही फसतात हे एकदा दाखवून ठेवा. ८ सेमी बाजूचा चौरस घ्या. त्याच्या ३ × ८ आणि ५ × ८ अशा दोन पट्ट्या करा. पहिली कर्णावर कापून दोन त्रिकोण करा. दुसरीचे दोन सारखे समलंब चौकोन करा, समांतर बाजू ३ आणि ५ सेमीच्या. हे चार तुकडे फिरवून ५ × १३ चा आयत जुळतो. ६४ चे ६५ झाले! ३:८ आणि २:५ ही गुणोत्तरं सारखी नाहीत, म्हणून कर्णाच्या जागी बारीक फट राहते, तिचं क्षेत्रफळ बरोबर १ चौसेमी. हे मुलांनाच शोधू द्या. माझ्या एका वर्गाने पूर्ण तास घेतला, आणि मी एक अक्षर बोलले नाही. फार अवघड गेलं मला!

माझा सगळ्यात आवडता तास मात्र मध्यबिंदूच्या प्रमेयाचा. प्रत्येकाने मनाला येईल तसा वेडावाकडा चौकोन काढायचा, चारही बाजूंचे मध्यबिंदू क्रमाने जोडायचे. साठ वह्यांत साठ वेगळे चौकोन, आणि आत प्रत्येकाचा समांतरभुज चौकोन. मुलं शेजाऱ्याच्या वहीत डोकावायला लागतात. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, बाणासारखा आत दुमडलेला काढला तर?’ काढून बघ म्हटलं. तिथेही तेच! आता ‘का?’ हे मला विचारावं लागत नाही. मी फक्त एक कर्ण काढते. दोन त्रिकोण, दोघांचा पाया एकच, मध्यबिंदू जोडणारे दोन्ही रेषाखंड त्याला समांतर आणि त्याच्या निम्मे. पुढचं मुलंच बोलतात. चौकोनाचं हे प्रमेय फ्रेंच गणिती व्हारिन्यों याच्या नावाने ओळखलं जातं, ते त्याच्या मृत्यूनंतर १७३१ मध्ये छापलं गेलं. हे सांगितलं नाही तरी चालतं.

लिहिणं सगळ्यात शेवटी. आधी जोडीदाराला तोंडी पटवायचं, साध्यापासून, म्हणजे जे सिद्ध करायचं त्यापासून, उलट मागे येत: हे कोन एकरूप दाखवायचे तर काय हाती लागायला हवं? त्यासाठी कोणते त्रिकोण? बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी लागू होतेय का, की कोबाको (कोन-बाजू-कोन)? मागे येत पक्षापर्यंत, म्हणजे दिलेल्या माहितीपर्यंत, पोचलं की तेच सरळ क्रमाने कारणांसह वहीत उतरवायचं. ‘कृती पूर्ण करा’च्या चौकटी भरण्याचा सराव मी यानंतरच देते. आधी दिला तर मुलं तर्क सोडून चौकटीच्या आकारावरून उत्तर ताडतात.

जिओजेब्रा हे आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, जरूर वापरा, पण बिंदू ओढायच्या आधी ‘काय होईल?’ हे वहीत लिहून घ्या. नाहीतर तो सिनेमा होतो.

वेळेचं म्हणाल तर वरच्या प्रयोगांना माझे एकूण पाच तास जातात, ते मी वर्षअखेरच्या उजळणीतून काढते. आणि मध्यबिंदूंचा तास घ्याल तेव्हा चौकोनाची प्रत्येक बाजू निदान ८ सेमी ठेवायला सांगा. लहान आकृतीत मध्यबिंदू एखाद्या मिलिमीटरने चुकला तरी आतला समांतरभुज चौकोन वाकडा दिसतो, आणि मुलं म्हणतात, ‘बाई, माझा नाही आला.’