हद्दीचा दगडच दिसेना

प्रश्न : वाघोलीजवळ आमच्या शेताला लागून दगडखाण आहे. हद्दीचा दगड दिसेनासा झालाय. तपासणीवाले खड्डा पाहून गेले. आता काय करू?

उत्तर : दादा, नुसतं पाहून हद्द ठरत नाही. मी आयुष्यभर मोजणीच केली. आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या, ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, घ्या. मग तहसीलदारांकडे लेखी तक्रार करा, खाणपट्ट्याचा मंजूर नकाशा मागा. पंचनाम्याला बांधावर स्वतः उभे राहा; न वाचता सही नको! खाणवाल्यानं हद्दीबाहेर खणून काढलेला दगड ब्रासमध्ये मोजतात, १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. जमीन महसूल संहिता १९६६, कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. आणि हे पावसाआधी उरका. खड्ड्यात पाणी साचलं की तळाची मोजणी अडते. असं एक प्रकरण वर्षभर रखडलेलं मी पाहिलंय.