जुने लो-बजेट कुंग फू पिक्चर आजही का बघावेसे वाटतात?

तुम्ही विचारलंय की आता एवढे भारी व्हीएफएक्स आलेत तरी लोक सत्तरच्या दशकातले हाँगकाँगचे स्वस्तातले पिक्चर का बघतात, नुसत्या लहानपणीच्या आठवणींसाठी का. आठवणी आहेतच हो, केबलवाल्याने दुपारी असला एखादा पिक्चर लावला की संध्याकाळी अख्खी गल्ली एकमेकांना लाथा घालत सुटायची. पण मी आजही बघतो त्याचं कारण वेगळंय, समोरचा माणूस ते खरंच करतोय हे दिसतं.

पैसा कमी, शूटिंग उरकायची घाई, त्यामुळे कॅमेरा आपला लांब उभा, माणूस डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये आणि एकाच शॉटमध्ये सात-आठ वार होतात, मग कुठे कट. माणसाला हवेत उचलायला तारा बांधायचे, कॅमेरा जरा हळू चालवून स्पीड वाढवायचे, सगळं मान्य, पण पाय तेवढा वर जायलाच लागतो ना! आणि ही माणसं तयारीची होती. जॅकी चॅन, सामो हंग, युएन बियाओ हे तिघंही नट लहानपणी एकाच गुरूकडे राहून पेकिंग ऑपेरा, म्हणजे चीनचं पारंपरिक संगीत नाटक शिकलेले, कोलांट्या, शस्त्रं, गाणं सगळं.

माझा सगळ्यात आवडता म्हणजे हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचा १९७८ चा 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'. डायरेक्टर लाउ कार-लियुंग स्वतः कुंग फूच्या घराण्यातला, त्याच्या वडिलांचे गुरू हे वाँग फेई-हंग या नावाजलेल्या कुंग फू उस्तादाचे शिष्य. त्यात हिरो गॉर्डन लिऊला दोन्ही हात आडवे ताठ धरून पाण्याच्या बादल्या वाहायच्या असतात आणि दंडाला सुरे बांधलेले, हात जरा खाली आला की बरगडीत घुसणार. पिक्चरचा केवढा तरी भाग नुसता असा सराव आहे, फाइट नाही काही नाही, तरी मला तो कधी फॉरवर्ड करावासा वाटत नाही, कारण शेवटी तो जिंकतो तेव्हा ते त्याने कमावलेलं असतं.

डबिंगला लोक हसतात. पण हे पिक्चर बहुतेक आवाजाशिवायच शूट व्हायचे, म्हणजे चिनी प्रेक्षकसुद्धा डब केलेलंच ऐकायचा. कपड्यांचा तो फटफट आवाज, फटक्यांचा ठेका, मला तर ते तबल्यासारखं वाटतं.

सगळेच चांगले नाहीत हेही खरं. १९७३ ला ब्रूस ली गेल्यावर ब्रूस ली सारखीच नावं लावून कितीतरी लोकांनी पिक्चर काढले, त्यातले बरेचसे टाकाऊ.

आणि बघायचेच असतील तर रुंद स्क्रीनवालीच प्रिंट शोधा. जुन्या व्हिडिओ कॅसेटमध्ये दोन्ही बाजू कापलेल्या असायच्या, मारणारा दिसायचा आणि मार खाणारा फ्रेमच्या बाहेर. शॉ ब्रदर्सचे बरेच पिक्चर २००० नंतर स्वच्छ करून परत आलेत, त्यात तोच सीन बघा, फरक लगेच कळेल.