खाणीतला फोटो आणि विहिरीची भेग

प्रश्न : माझा भाचा भंडाऱ्याकडं मँगनीजच्या अंडरग्राउंड खाणीत सर्व्हेला आहे. यात्रेला आलेला तेव्हा म्हणाला, आम्ही आत छताचे फोटो काढतो आणि दगड किती मिलिमीटर सरकला ते त्यावरनं सांगतो. मला काय पटेना. आणि खरं असेल तर आमच्या विहिरीच्या दगडी बांधकामाला भेग पडलीय, ती मोबाईलवर मोजता येईल का?
– एक वाचक, कोरेगाव (सातारा)

उत्तर : भाचा फेकत नाहीये काका. हाताचा अंगठा समोर धरा, आधी एक डोळा झाका मग दुसरा, अंगठा जागचा हलल्यासारखा दिसतो ना, जवळ धरला की जास्त, लांब धरला की कमी. सगळा खेळ एवढाच. जागा बदलत बदलत फोटो काढायचे, प्रत्येकात आधीच्या फोटोतला 60-70 टक्के भाग परत आला पाहिजे, मग सॉफ्टवेअर तोच दगड सगळ्या फोटोंत हुडकतं आणि तो नेमका कुठं आहे ते काढतं, असे लाखो ठिपके जमले की गॅलरीचं, म्हणजे खाणीतल्या बोगद्याचं, थ्रीडी मॉडेल तयार. काही दिवसांनी परत फोटो, परत मॉडेल, आणि दोन्ही एकावर एक ठेवून बघायचं. चार-पाच मीटरवरनं नीट काढले तर एक-दोन मिलिमीटरचा फरक कळतो. टेपनं मोजलं तर दोन खुंट्यांमधलंच अंतर कळतं, इथं अख्खी भिंत दिसते.

पण फोटोला आकार कळतो, माप नाही कळत. म्हणून मोजलेली पट्टी फोटोत ठेवावीच लागते. आणि खरी गोची पुढंच आहे, आत जीपीएस लागत नाही आणि आजूबाजूचं सगळंच थोडंथोडं सरकत असतं, मग सरकलं म्हणायचं ते कशाच्या तुलनेत? त्यासाठी हलत नाही अशा लांबच्या जागी खुणा पक्क्या करून त्यांची जागा सर्व्हेनं मोजून ठेवतात आणि फोटोतली मापं त्यांना जोडतात. त्या खुणा हलल्या तर कॅमेरा कितीही भारी असू दे, आकडे खोटेच. वर अंधार, धूळ, ओल्या दगडावर चमकणारी लाईट. आणि गॅस असणाऱ्या कोळसा खाणीत तर साधा कॅमेरा न्यायलाच बंदी, ठिणगीची भीती.

आता तुमची विहीर. एका भेगेसाठी एवढा घाट कशाला? भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोका आणि मधलं अंतर दर पंधरा दिवसांनी व्हर्नियरनं (बारीक अंतर मोजायचं साधन) मोजून तारखेसकट लिहा. शिवाय भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवा, भेग वाढली की तडकते. फोटो काढायचाच तर शेजारी स्टीलची पट्टी धरून, दरवेळी त्याच जागेवरनं आणि समोरूनच काढा. कडेला वाकून मात्र नको.