पॅट बेनाटर कुठून ऐकावी, आणि १९८५ नंतरची ऐकावी का

तू विचारलं आहेस की पॅट बेनाटर या अमेरिकन रॉक गायिकेची ‘हिट मी विथ युअर बेस्ट शॉट’ आणि ‘लव्ह इज अ बॅटलफील्ड’ एवढीच गाणी तुला माहीत आहेत, तर अल्बम कुठून सुरू करू? १९८५ नंतरचे सोडून दिले तर चालेल का? आणि लहानपणापासून ख्याल शिकलेला गळा रॉक गाताना आड येतो का? मला हे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात असं वाटतं, म्हणून उत्तर लांबणार आहे. कोपरीहून नेरुळच्या कॉलेजला रोज ट्रान्स-हार्बर लोकलने जातेस म्हणतेस, ते बरंच आहे. तिचे सुरुवातीचे अल्बम चाळीस मिनिटांच्या आसपासचे आहेत, एका फेरीत एक जवळजवळ पूर्ण होतो.

पहिलं सांगते, ‘बेस्ट ऑफ’ लावू नकोस. त्यात १९७९ चं गाणं १९८४ च्या शेजारी येऊन बसतं आणि ऐकण्यासारखी मुख्य गोष्टच निसटते. ती गोष्ट म्हणजे या बाईंनी कमावलेला आवाज दर अल्बमला किती बाहेर काढला आणि किती राखून ठेवला. मी आयुष्यभर नौपाड्यात गाणं शिकवलं आहे आणि तिच्याकडे मी त्याच कानाने ऐकते.

तिची तालीम रॉकची नाही. जन्म १९५३ चा, ब्रुकलिनचा. वाढली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. शाळेपासून पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकली, ऑपेराची वाट धरेल असंच सगळ्यांना वाटत होतं. ती वाट तिने सोडली. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, नवरा लष्करात होता (बेनाटर हे आडनाव त्याचं). रिचमंडला बँकेत कॅशियरच्या खिडकीत बसून नोकरी केली. लायझा मिनेलीचा कार्यक्रम पाहून ती नोकरी सोडली आणि १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कॅच अ रायझिंग स्टार’ या क्लबात हौशी कलाकारांच्या रात्री गायला उभी राहिली. क्रिसॅलिस या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला १९७८ मध्ये. म्हणजे पहिला अल्बम आला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. तू एकोणीसची आहेस आणि ‘उशीर झाला का’ असंही विचारलं आहेस, म्हणून हा आकडा मुद्दाम लिहिला.

पहिला ‘इन द हीट ऑफ द नाइट’ (१९७९). इथेच तिला नील जिराल्डो भेटला. गिटारिस्ट, पण पियानोही वाजवणारा, गाण्याची मांडणी करणारा. पुढे १९८२ मध्ये दोघांचं लग्न झालं आणि आजही दोघं एकत्र वाजवतात-गातात. तिचे अल्बम खरं तर या दोघांचे आहेत हे लक्षात ठेवून ऐक. ‘हार्टब्रेकर’ लाव. गिटारचा रिफ (परत परत येणारी छोटी धून) आणि आवाज एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि कोणीच मागे हटत नाही. मग लगेच ‘वी लिव्ह फॉर लव्ह’ ऐक, जे जिराल्डोने लिहिलं आहे. तिथे ती वरच्या सुरांत हलक्या आवाजात जाते, आणि त्या हलकेपणात जुनी तालीम स्पष्ट दिसते. एकाच अल्बममध्ये दोन बायका गातायत असं वाटतं. त्या दोघी अजून एकत्र आलेल्या नाहीत.

त्या एकत्र येतात ‘क्राइम्स ऑफ पॅशन’मध्ये (१९८०). सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. पहिला अल्बम नंतर मागे जाऊन ऐक. निर्माता कीथ ओल्सन, ड्रम्सवर आता मायरन ग्रोमबाकर, आणि बँड एकदम घट्ट. तुझं ‘हिट मी’ यातलंच. अमेरिकेतल्या अल्बमच्या लोकप्रियतेच्या यादीत हा अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. वर होता जॉन लेनन आणि योको ओनोचा ‘डबल फँटसी’. स्त्री रॉक गायिकेचं ग्रॅमी तिला याच अल्बमसाठी मिळालं, आणि या वेळेपासून सलग चार वर्षं ते तिच्याकडेच राहिलं.

पण माझं गाणं त्यातलं ‘हेल इज फॉर चिल्ड्रन’. मुलांवर घरात होणाऱ्या अत्याचारांबद्दल वर्तमानपत्रात वाचून तिने हे गाणं केलं, जिराल्डो आणि बासवादक रॉजर कॅप्स यांच्यासोबत. कंपनी तिच्याकडून प्रेमाची आणि ठेक्याची गाणी मागत होती त्या काळात. सुरुवात खाली, जवळजवळ बोलल्यासारखी. मग आवाज एक एक पायरी चढतो आणि गिटार जड होत जाते. तू हे ऐकताना एवढंच बघ, ती ओरडते कधी आणि किती वेळ. फार थोडा वेळ. आपल्याकडे तार षड्ज लावण्याआधी जसा निषादावर थांबून जीव टांगणीला लावतात, तसं ती बराच वेळ खालीच थांबते. माझ्या काकांनी मस्कतहून या अल्बमची कॅसेट आणली होती, आणि घरात सगळे ‘हिट मी’ परत लाव म्हणायचे तेव्हा मी फीत पुढे पळवून हे गाणं शोधायचे.

याच अल्बममध्ये इंग्लिश गायिका केट बुशचं ‘वदरिंग हाइट्स’ही आहे. तिथे बेनाटरचा वरचा पट्टा पूर्ण उघडा ऐकू येतो. गाणं मूळ केट बुशचंच राहतं असं माझं प्रामाणिक मत आहे, पण बेनाटर कुठून आली आहे हे कळायला यापेक्षा सोपा पुरावा नाही.

‘प्रेशस टाइम’ (१९८१) पहिल्या क्रमांकावर गेला. ‘फायर अँड आइस’ सगळ्यांना आवडतं. तू मात्र ‘प्रॉमिसेस इन द डार्क’वर वेळ घालव. पियानो आणि एकटा आवाज, संथ लय. मग अचानक बँड उडी घेतो आणि तोच आवाज त्याच दमसासात दुप्पट जोराने धावतो. विलंबितातून द्रुतात जाताना आपण मध्ये श्वास घेतो, तबलजीकडे बघतो. इथे त्याला जागाच ठेवलेली नाही. बाकीच्या अल्बममध्ये थोडी घाई आहे. बीटल्सचं ‘हेल्टर स्केल्टर’ घेतलं नसतं तरी काही बिघडलं नसतं.

त्याच वर्षी १ ऑगस्टला अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाला आणि त्यावर दाखवलेला दुसराच व्हिडिओ तिचा होता, ‘यू बेटर रन’. त्या वाहिनीवर दिसलेली ती पहिली एकल गायिका. आपल्याकडे ठाण्यात केबलवर एमटीव्ही आला तो दहा वर्षांनी, तोवर तिचा तो काळ सरला होता. म्हणून आमच्या पिढीला तिचे कपडे, केस, नाच काही माहीत नव्हतं. कॅसेटवर होता तो फक्त आवाज, आणि तू पण पहिल्यांदा तसंच ऐकावंस असं मला वाटतं. व्हिडिओ नंतर बघ.

‘गेट नर्व्हस’ (१९८२) मध्ये दुसरा गिटारवाला जाऊन कीबोर्डवर चार्ली जॉर्डानो आला, जो पुढे ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ई स्ट्रीट बँडमध्ये गेला. जागा मोकळी झाली आणि आवाजाला श्वास घ्यायला मिळाला. ‘शॅडोज ऑफ द नाइट’ची सुरुवात वाद्यांशिवाय, नुसत्या आवाजांवर होते. मेलडिक रॉक म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी हेच गाणं लावते: सूर गुणगुणता येतो आणि मागची वाद्यं कुठेही गुळमुळीत होत नाहीत.

तुझं दुसरं गाणं, ‘लव्ह इज अ बॅटलफील्ड’, १९८३ च्या ‘लाइव्ह फ्रॉम अर्थ’ या मैफिलीच्या अल्बमला जोडून आलेलं स्टुडिओतलं गाणं आहे. हॉली नाइट आणि माइक चॅपमन यांनी ते संथ लिहिलं होतं, जिराल्डोने त्याला यंत्राच्या ठेक्यावर पळवलं. लय पळते आणि गायिका मात्र पळत नाही, ती ठाय (संथ) गाते. त्या गाण्याची सगळी ओढ तिथून येते.

आता ‘ट्रॉपिको’ (१९८४). ही गरोदर असताना केलेली रेकॉर्ड. कडक गिटारची पॅट बेनाटर ज्यांना हवी होती ते इथे नाराज झाले. ‘वी बिलाँग’मध्ये गिटार मागे गेली आहे, लहान मुलांचा कोरस आहे, आणि आवाज पहिल्यांदाच कोणाशीही भांडत नाही. मला हा तिचा सर्वांत धीट अल्बम वाटतो. जोर ही जिची ओळख, तिने तो खाली ठेवायचा, तोही यशाच्या ऐन भरात, याला हिंमत लागते. ‘पेंटेड डेझर्ट’ रात्री दिवे मालवून ऐक.

‘सेव्हन द हार्ड वे’ (१९८५) हा दमलेला अल्बम आहे. १९७९ पासून दर वर्षी एक, असा सातवा. नावातच ते आलं आहे. ‘इनव्हिन्सिबल’ घे आणि पुढे जा.

इथे बहुतेक जण थांबतात. तू थांबू नकोस. तीन वर्षांच्या विश्रांतीनंतर ‘वाइड अवेक इन ड्रीमलँड’ (१९८८) आला. ‘ऑल फायर्ड अप’ हे मूळ ऑस्ट्रेलियन गीतकार केरिन टोलहर्स्टचं गाणं तिने असं काही गायलं आहे की ती परत आली हे पहिल्याच कोरसला कळतं. मग १९९१ मध्ये ‘ट्रू लव्ह’, रूमफुल ऑफ ब्लूज या बँडच्या ब्रास वाद्यांसोबत जुन्या पद्धतीचे ब्लूज. चाहत्यांपैकी अनेकांना हा आडवळणाचा वाटतो. गाणं शिकणाऱ्या मुलीने मात्र तो ऐकलाच पाहिजे, कारण ब्लूजमध्ये सूर किंचित खाली धरून लोंबकळत ठेवावा लागतो, आणि सरळ सुरावर वाढलेली ही गायिका ते कसं करते हे ऐकण्यासारखं आहे. ‘ग्रॅव्हिटीज रेनबो’ (१९९३) हा क्रिसॅलिससाठीचा शेवटचा. त्यातलं ‘एव्हरीबडी ले डाउन’ जोरदार आहे.

आणि ‘इनामोराटा’ (१९९७). छोट्या कंपनीने काढलेला, गाजावाजा नाही, फार कोणी घेतलाही नाही. त्यावर माझा फार जीव आहे. अकूस्टिक गिटारींनी भरलेला अल्बम, चव्वेचाळीस वर्षांचा आवाज, खालच्या सुरांत आता जास्त वजन. ‘स्ट्रॉबेरी वाइन’ने सुरुवात कर. वरचा सूर तिच्याकडे अजून आहे हे तुला ऐकू येतं, आणि ती तो घेत नाही. १९७९ ची ती दर ओळीला सिद्ध करत होती, इथे तिला काहीच सिद्ध करायचं नाही. पंचाऐंशीनंतरचं सोडलंस तर हे हातून जाईल. ‘गो’ (२००३) हा आत्तापर्यंतचा शेवटचा स्टुडिओ अल्बम, पुन्हा गिटारकडे वळलेला. चांगला आहे, पण ‘इनामोराटा’इतका आत शिरत नाही.

तर गळ्याचं. ख्याल शिकलेला गळा आड येत नाही. तिची अडचण तुझ्यापेक्षा मोठी होती. पाश्चात्त्य शास्त्रीय तालमीत बायकांचा आवाज वर जाताना डोक्याकडे जातो, हलका आणि गोल होतो, आणि रॉकला तर छातीचा भरीव आवाज लागतो. आपण पहिल्या दिवसापासून खर्ज भरतो, आकार मोकळा लावतो. भरीव आवाज तुझ्याकडे आहेच. तुला सोडावी लागेल ती मींड. आपल्याला एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची इतकी सवय असते की रॉकची ओळ आपल्या तोंडी मऊ पडते. ती प्रत्येक सूर ड्रमच्या ठोक्यावर थेट उभा करते, आणि शब्दांची व्यंजनं ठोकून म्हणते. ‘हार्टब्रेकर’ आधी सरगम करून म्हण, एकही जागा (हरकत) न घेता, मग शब्दांवर ये. आणि घसा दुखायला लागला की थांब. खरखर हवी म्हणून घसा ओढणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. महिना महिना बोलता येत नाही मग.

कॉलेजच्या कार्यक्रमात ‘हिट मी’ म्हणू का, असंही विचारलं आहेस. मारामारीच्या भाषेतलं ते गाणं लढाऊपणाचंच आहे, वाईट काहीच नाही. पण एक माहीत असू दे. २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या सामूहिक गोळीबारांनंतर तिने ते मंचावर म्हणणं बंद केलं. बळी गेलेल्यांच्या कुटुंबांसमोर ते शब्द हसऱ्या चेहऱ्याने म्हणवत नाहीत, असं तिचं म्हणणं. सगळ्यात मोठ्या गाण्यांपैकी एक, लोक तेवढ्यासाठी तिकीट काढतात, आणि तिने ते बाजूला ठेवलं. त्याच वर्षी तिचा आणि जिराल्डोचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, दोघांचा एकत्र, जसा व्हायला हवा होता.

तुमच्या कॉलेजच्या कार्यक्रमासाठी मी ‘प्रॉमिसेस इन द डार्क’ सुचवीन. पट्टी तुझ्या गळ्याला बसेल तेवढी खाली घ्या, मूळ पट्टीचा हट्ट नको. कीबोर्डवाल्याला आधी तयार कर, कारण पहिला संथ भाग त्याच्यावर आणि तुझ्यावर आहे, आणि ड्रमरला सांग की लय बदलताना तुझ्याकडे बघायचं नाही. तालीम पाचपाखाडीत करणार असाल तर मला कळव, संध्याकाळी सातनंतर मी मोकळी असते, येऊन ऐकेन.