फॉस्फोफिलाइट घ्यायचाय? आधी एवढं वाचा

खनिजं जमवायच्या पहिल्याच वर्षी फॉस्फोफिलाइटवर नजर गेली म्हणजे आवड चांगली आहे! पण घाई करू नका. हे खनिज म्हणजे जस्त आणि लोहाचं जलयुक्त फॉस्फेट. काठिण्य १ ते १० च्या मोह्स मापनात जेमतेम ३ ते ३.५, त्यात पाटन (ठराविक सपाट पातळीवर फुटण्याचा गुण) परिपूर्ण. नावातलं 'फिलॉन' म्हणजे ग्रीकमध्ये पान, ते या पाटनावरूनच आलंय. थोडा धक्का बसला की पापुद्रा सुटतो.

नवखे हमखास करतात त्या चुका:

- चाकूने ओरखडा काढून बघणं. नमुना तिथेच खराब.
- आम्लाने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्रात धुणं. मऊ ब्रश पुरे, तोही हलक्या हाताने.
- पैलू पाडलेला खडा अंगठीत बसवायची स्वप्नं. तो डबीतच शोभतो.

नावाजलेले निळसर-हिरवे स्फटिक बोलिव्हियातल्या पोतोसीचे, कथिलाच्या शिरांमधले. बव्हेरियातल्या हागेनडॉर्फच्या पेग्मटाइटमधले (मोठ्या कणांच्या अग्निजन्य खडकातले) बरेच लहान असतात. त्यामुळे चिठ्ठीवर ठिकाण नसेल तर मी तरी हात लावत नाही. विक्रेता 'दक्षिण अमेरिका' एवढंच म्हणाला तर खाण विचारा.

सुरुवात बोटाच्या नखाएवढ्या, आधारखडकावरच्या (ज्या खडकावर स्फटिक वाढला त्यासकटच्या) नमुन्याने करा. प्रकाशीय गुणधर्मांचं नंतर बघू.